मिरचीवाले मामा आणि स्वीडनचं बक्षीस

स्वीडन देशाची काळजी तिथल्या राजानंतर जगात कोणी केली असेल, तर ती मोताळ्याच्या आठवडी बाजारात मिरची विकणाऱ्या माझ्या मामांनी. हे मी थोडं वाढवून सांगते आहे, पण फार नाही. दर ऑक्टोबरात तिकडे विज्ञानातली ती सर्वांत मोठी पारितोषिकं जाहीर होतात. त्या आठवड्यात मामा दाढी करून, धुतलेला सदरा घालून मिरचीच्या पोत्यांमागे ट्रान्झिस्टर कानाला लावून बसत. बघणाऱ्याला वाटावं, बारावीचा निकाल आहे आणि मुलगा यांचाच आहे. त्या पारितोषिकाचं खरं नाव त्यांना माहीत होतं, पण ते त्याला 'स्वीडनचं बक्षीस' म्हणत, आणि म्हणून आमच्या साऱ्या गोतावळ्यात ते तसंच म्हटलं जातं. कॉलेजात पहिल्या वर्षाला मीही सरांसमोर तसंच म्हणून गेले. वर्ग हसला. त्यानंतर बरेच महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. शिक्षण सातवीपर्यंत. बक्षिसाच्या बातम्या ते पेपरातून कापत आणि घरी मिरचीच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवत. ज्याला वाचायचं असेल त्यानं आत जायचं, आणि आत गेलेला माणूस दुसऱ्या ओळीपर्यंत शिंकायला लागायचा. आमच्याकडे विज्ञानाची बातमी शिंकल्याशिवाय कोणी वाचलेली नाही. बक्षीस मिळालेल्यांविषयी ते सोयऱ्यांसारखं बोलत. "त्या जपानवाल्या बुढ्याले भेटलं यंदा. लय वर्षं थांबला बिचारा. आपली तूर सहा-सात महिन्यांत घरी येते, याचं पीक पाहा कवा आलं." एकच बक्षीस तिघांत वाटून दिलं की ते भारावून जात. "तिघांत हिस्से झाले, पण कोणी कोर्टात गेलं नाही," असं बांधावरून भांडणाऱ्या गिऱ्हाइकांना ऐकवत. बातमी लागली की तोलणं बंद. मिरची घ्यायला आलेल्या माणसानं आधी मामांनी वाटलेले गूळ-फुटाणे घ्यायचे, कोणाला कशासाठी मिळालं ते ऐकून घ्यायचं, मग मिरची.

शेजारी वांगी घेऊन बसणाऱ्या काकू एकदा म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या स्वीडनवाल्यानं कधी एक किलो मिरची नेली का?"

"तो बी नेईन," मामा म्हणाले. "त्याले अजून चव माहीत नाही."

आमच्याकडे मामानं भाचीच्या पाया पडायची रीत आहे. भाचीनं मामाच्या पडायचं नसतं. मला बीएस्सीला प्रवेश मिळाला तेव्हा मामांनी भर बाजारात तराजू खाली ठेवला आणि माझ्या पायांवर डोकं टेकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठून म्हणाले, "आता मले समजावून सांगणारं घरचं माणूस भेटलं."

कारण मामांचा एक प्रश्न होता. तो त्यांनी लहानपणी शाळेत विचारला होता: मिरचीनं हाताची आग होते, तर विस्तवासारखा फोड काऊन येत नाही? गुरुजींनी 'मिरची तिखट असते म्हणून' असं उत्तर दिलं आणि शहाणपणा करतो म्हणून उभं केलं. पुढे मामांनी तो गावात येणाऱ्या प्रत्येक शिकलेल्या माणसाला विचारला. डॉक्टरांनी मलम दिलं. शेतीखात्याच्या साहेबांनी बोंडअळीचं पत्रक दिलं. मलाही विचारला. मी म्हणाले, "पाहून सांगतो, मामा." आम्ही मुलीही घरी 'सांगतो'च म्हणतो. पण मी पाहिलं नाही. खरं तर उत्तर येत नाही हे त्यांना कळेल याची भीती वाटायची.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी करोनामुळे कॉलेजं बंद होती आणि मी घरीच होते. बाजार पुन्हा भरू लागला होता. मामांचा ट्रान्झिस्टर बक्षिसाच्या दिवशी नुसता खरखरत होता, म्हणून त्यांनी मला मोबाइल उघडायला लावला. नेट धड चालत नव्हतं. अर्धीच बातमी उघडली, तिच्यात मिरचीचा उल्लेख होता आणि मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी घाईत म्हणाले, "मामा, यंदा मिरचीले भेटलं."

मामांनी पोत्यातली एक मिरची उचलली, देठाला धरून नीट पाहिली आणि पुन्हा ठेवली. मग उभे राहून सगळ्या ओळीला सांगितलं. गूळ-फुटाणे पंधरा मिनिटांत संपले. खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर कोळशानं लिहिलं, 'स्वीडनचे बक्षीस मिळालेली मिरची येथे मिळेल'.

"मंग आता भाव वाढला म्हणा," काकू म्हणाल्या.

"भाव तोच. बक्षीस भेटलं म्हणून शेफारू नये."

घरी येऊन मी पूर्ण बातमी वाचली. बक्षीस मिरचीला नव्हतंच. उष्णता आणि स्पर्श अंगाला कसा कळतो, हे शोधणाऱ्या दोघांना ते होतं. त्यातल्या एकानं मिरचीतला तिखट पदार्थ वापरून शोध लावला होता, एवढाच तिचा संबंध. आणि मामा अख्ख्या बाजाराला सांगून बसले होते. लोक हसणार, आणि माझ्या शिक्षणावर भरवसा ठेवल्याबद्दल मामांना हसणार.

सकाळी त्यांच्या घरी गेले. ते गच्चीवर मिरच्या पसरत होते. मी पायरीवरूनच म्हणाले, "मामा, मी चुकीचं सांगतलं. मिरचीले नाही भेटलं."

हातातलं सूप त्यांनी खाली ठेवलं. "मंग कोणाले?"

मी सांगू लागले. आपल्या नसांच्या टोकाला बारीक बारीक दारं असतात. चटका बसला की त्यातलं एक दार उघडतं आणि डोक्यापर्यंत खबर जाते, की भाजलं. मिरचीचा तिखटपणा नेमकं तेच दार उघडतो. इथपर्यंत आले आणि माझी मलाच जाणीव झाली, की मी काय सांगते आहे. मी थांबले.

"म्हंजे आग नाही," ते सावकाश म्हणाले. "आग लागल्याची खबर."

"हाव."

"आग नाही, तर फोड कायचा येईन."

"हाव, मामा."

"पण दुखते ते? ते खरं का खोटं?"

"दुखते ते खरंच दुखते. भाजल्यावर जी खबर जाते, तीच जाते."

मामा कठड्याला टेकून बसले. मग त्यांनी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्यांची आई लोकांच्या घरी मिरच्या कुटायला जायची. संध्याकाळी हात ताकात बुडवून बसायची, तरी आग जायची नाही. एकदा हात फार झोंबले म्हणून ती अर्ध्यावर थांबली. मालकीण सगळ्या बायांसमोर म्हणाली, फोड ना डाग, नुसतं सोंग. "मी मायच्या बाजूले बसलेला होतो," मामा म्हणाले. "तिनं हात पाहिले आपले. तिले बी दिसला नाही फोड. माय काहीच बोलली नाही वं. म्हणून मी शाळेत विचारलं."

सूप पुन्हा हातात घेत ते म्हणाले, "म्हंजे माय सोंग नव्हती करत."

पुढच्या बाजारात मामांनी दुकान मांडायच्या आधी एकेकाला गाठून सांगितलं, "मागच्या बाजारी मी चुकीचं सांगतलं." लोक हसले. मामांनी गूळ-फुटाणे पुन्हा वाटले, कारण बक्षीस ज्यांना मिळालं त्यांचे वाटायचे राहिले होते. पुठ्ठा त्यांनी फेकला नाही. उलटा करून मागच्या बाजूला लिहिलं, 'मिरचीची आग खरी असते.' काकू म्हणाल्या, "हे तर आमाले पयलेच माहीत होतं." मामा म्हणाले, "तुमाले होतं. कोणी विचारलं नाही."

आता मामा बाजारात बसत नाहीत. खोकला वाढला, मिरचीची धूळ सोसत नाही. ती खोलीही रिकामी आहे, दारावरची कात्रणं पिवळी पडली आहेत. तरी वास आहे, मी मागच्या वेळी गेले तेव्हा दुसऱ्या ओळीलाच शिंकले. मी एमएस्सीला दूरच्या शहरात असते. ऑक्टोबरात फोन करते. त्यांना नीट ऐकू येत नाही, मामी मोठ्यानं सांगते, आणि मागून आवाज येतो, "पूर्ण वाचलं का म्हणा तिले." वर्गात मी आता हात वर करते. आवाज अजून कापतो.

मी इकडे यायला निघाले तेव्हा मामा मोताळ्याच्या बसस्टँडवर आले होते. मिरच्या भरता भरता, हात न धुता तसेच आले होते. रीतीप्रमाणे वाकले आणि माझी पावलं दोन्ही हातांनी धरली. मला त्यांच्या पाया पडावंसं फार वाटलं, पण आमच्याकडे ते चालत नाही. बस सुटली. घाट चढेपर्यंत पावलं चुरचुरत होती. फोड येणार नव्हता, आणि का येणार नव्हता तेही मला माहीत होतं. मी पाय धुतले नाहीत.