चौथ्या दिवशी मी येणार नाही

मृत्यूचा दाखला द्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी म्हाताऱ्याला अलगद कुशीवर केले, पाठ पाहिली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"किती महिने अंथरुणावर होते?"

"सात."

"सात महिने, आणि पाठीवर ओरखडासुद्धा नाही? नर्स कुठली ठेवली होती, ताई?"

सुनेने त्यांच्या पाठीखालची चादर सारखी केली. नर्स ठेवली होती. सासऱ्यांच्या हट्टापुढे ती दोनच दिवस टिकली. खरे उत्तर बरेच लांबचे होते.

तिच्या सासऱ्यांनी सैन्यात अठ्ठावीस वर्षे काढली, पण ती सगळी लष्करी रुग्णालयात, परिचारक म्हणून. "बंदूक हातात आली ती प्रशिक्षणापुरती. नंतर जे काही उचललं ते बेडपॅन," असे ते शौर्यकथा ऐकायला बसलेल्यांना सांगत, आणि समोरच्याचा पडलेला चेहरा पाहून खूश होत. निवृत्तीनंतर त्यांच्या वयाची माणसे बागेत राजकारणाचा कीस पाडत बसत. हे मात्र जिथे कोणी अंथरुणाला खिळले असेल त्या घराची कडी वाजवत. लोकांनी त्यांचे नाव 'सुरकुतीकाका' ठेवले होते, कारण आत येताच त्यांची नजर रोग्याच्या आधी चादरीवर जाई. चादरीची सुरकुती कातडीत उतरते, कातडी फाटते, आणि मूळ आजार बाजूलाच राहून माणूस त्या जखमेने जातो, हे त्यांनी तरुणपणी पाहिले होते.

त्यांची रीत ठरलेली होती. पहिल्या दिवशी सगळे स्वतः करायचे. घरच्यांनी नुसते बघायचे. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून. तिसऱ्या दिवशी काका हात मागे बांधून दाराशी उभे राहत आणि घरचे करत. निघताना एकच वाक्य: "चौथ्या दिवशी मी येणार नाही." काहींना हे निष्ठुर वाटे. सूनही त्यांतलीच. ती शाळेत गणित शिकवत असे. तीन दिवसांत कोणाला काही येत नाही, हा तिचा रोजचा अनुभव.

मग एका सकाळी अर्धांगाच्या झटक्याने त्यांचे उजवे अंग गेले. जीभ शाबूत राहिली, आणि हट्टही. मुलगा बोटीवर नोकरीला, परत यायला दोन महिने होते. सुनेने रजा घेतली. पण ती जवळ आली की सासरे डावा हात आडवा धरत. "सुनेनं सासऱ्याची कूस बदलायची? काही नको. माझं मी बघतो." त्यांनी आपला जुना लष्करी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून घेतला होता, त्याला धरून ते स्वतःला वळवू पाहत. पलीकडच्या खोलीत तिला पट्टा करकरलेला ऐकू येई, मग आवाज येई, "झालं, वळलो!" ती येऊन बघे तर स्वारी होती तशीच उताणी. शेकडो घरांत हेच शिकवलेल्या माणसाला आपले अंग आपल्याला वळवता येत नाही, हे कबूल करता येत नव्हते.

दहाव्या दिवशी इस्त्रीवाला कपड्यांचे गाठोडे घेऊन आला आणि पट्ट्याकडे बघत राहिला.

"काका, हे काय?"

"व्यायाम."

"कोणाचा? खिडकीचा?" मग सुनेकडे वळून, "वहिनी, पाठ बघितलीत का यांची?"

"बघू कुठे देतात? काल झोपेत जरासे कलले होते, तेव्हा बघितली. माकडहाडावर लाल चट्टा आहे. डॉक्टर म्हणाले, कातडी फाटली तर या वयात भरून येणार नाही."

इस्त्रीवाल्याने गाठोडे खाली ठेवले. "काका, आईचं अंग पुसायला मी लाजत होतो, तेव्हा तुम्ही मला काय बोलला होता, आठवतंय?"

काकांनी पट्टा घट्ट धरला.

"मीच सांगतो. म्हणाला होता, 'लाज तुझी आहे, जखम तिला होणार.' आता तुमची लाज वहिनींनी का निस्तरायची?"

काकांनी भिंतीकडे तोंड केले. मग पट्टा सोडून डावा हात त्यांनी अंथरुणावर ठेवला, आडवा धरला नाही.

"पहिला दिवस," इस्त्रीवाला बाह्या सरसावत म्हणाला. "वहिनी, तुम्ही नुसतं बघा."

एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे. मळकी चादर पाठीशी लांबट गुंडाळायची, स्वच्छ चादर अर्धी पसरायची, माणसाला त्या उंचवट्यावरून अलीकडे आणायचे. "गुडघ्यांमध्ये उशी," काका पुटपुटले. "ठेवतोय हो, दम धरा जरा."

दुसऱ्या दिवशी तिने जोर लावला तेव्हा तो म्हणाला, "ढकलू नका, आपल्याकडे ओढून घ्या. ढकललं की माणसाला पडल्यासारखं वाटतं." तिसऱ्या दिवशी तो हात मागे बांधून दाराशी उभा राहिला. आणि निघताना तेच वाक्य म्हणाला.

ती चिडली. "आणि मला नाही जमलं तर?"

"मलाही नव्हतं जमलं. पण काका रोज येत राहिले असते, तर मी त्यांची वाट बघत बसलो असतो. आईला दर दोन तासांनी वळवायचं होतं, वहिनी. ते येणार दिवसातून एकदा."

इतक्या वर्षांत तिने हा हिशेब मांडून पाहिला नव्हता.

चौथ्या दिवशी ती एकटीच होती. घामाघूम होऊन तिने त्यांना कुशीवर केले, पाठीशी उशी लावली.

"सूनबाई."

"काय, बाबा?"

"पायाकडचा डावा कोपरा."

बोटभर सुरकुती होती. तिने ती ताणून काढली.

"आता ठीक." थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुला आधीच शिकवायला हवं होतं मी."

"घरात कोणी आजारी कुठे होतं?"

"मी पडणारच होतो की कधीतरी."

चट्टा अकरा दिवसांत मावळला. पट्टा तिने सोडून कपाटात ठेवला. नवरा बोटीवरून आला, तेव्हा त्यालाही तिने तीन दिवसांत तयार केले. पहिल्या दिवशी तो मध्येच हात घालायला आला, तर सासऱ्यांनीच दटावले, "तू नुसतं बघ."

डॉक्टरीणबाईंचा दाखला लिहून होत आला होता.

"इस्त्रीवाल्यानं शिकवलं मला," सून म्हणाली. "त्याला यांनी."

"इस्त्रीवाल्यानं?"

"हो. आणि डॉक्टर, तुमच्याकडे असं कोणी अंथरुणावर असेल तर मला कळवा. तीन दिवस येईन मी."