साडेसातची चानकी

माझ्या नवऱ्याचं नाव मुरलीधर. माणूस वाईट नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून तुम्ही त्यांचीच बाजू घ्याल, आणि मला ते आवडणार नाही.

तीस वर्षं त्यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेत तिकीट खिडकीवर काढली. दिवसभर काचेपलीकडच्या माणसांशी बोलायचं, कुठली गाडी, कुठे बदलायची, परतीचं तिकीट हवं का. घरी आले की तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे गप्प. आमच्या एजवेअरच्या घरात त्यांची तीन वाक्यं चालत. ‘वाढ’, ‘पुरे’ आणि ‘उद्या सकाळची ड्यूटी आहे’. मी एका शाळेत डिनर लेडी होते. रोज दीडशे पोरांच्या ताटात वाढून, त्यांचा कलकलाट ऐकून घरी यायची, आणि मग स्वयंपाक करताना स्वतःशीच बोलायची. लोक म्हणायचे, ‘अरुणाताई, तुमचे मिस्टर किती शांत!’ शांत म्हणे. शांत माणसाबरोबर तेहेतीस वर्षं जेवून बघा एकदा.

२००३ साली ते रिटायर झाले. मी मनात म्हटलं, आता तरी बोलतील. पुढच्याच मार्चमध्ये घरात सवत आली.

ती सात आठवड्यांची होती, बिस्किटाच्या रंगाची, आणि तिचं नाव हेझल. अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची एक संस्था आहे. तिथली पिल्लं पहिलं वर्षभर साध्या घरांत वाढवायला देतात. पिल्लाला बस, ट्रेन, दुकानं, गर्दी यांची सवय लावायची, शिस्त लावायची, आणि मोठं झालं की परत करायचं, पुढचं शिक्षण मग त्यांच्याकडे. यांनी मला न विचारता फॉर्म भरला होता. संस्थेच्या सुपरवायझर, पॉलिनबाई, घर बघायला आल्या तेव्हा मला कळलं.

त्या दिवशी मी चहा घेऊन बाहेर आले तर हे बोलत होते. चक्क बोलत होते! म्हणे, एक अंध बाई रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या खिडकीशी यायच्या. चार खिडक्या सोडून त्यांचा कुत्रा बरोबर यांच्याच खिडकीपुढे थांबायचा. सात वर्षं. ‘तेव्हाच ठरवलं होतं,’ हे पॉलिनबाईंना म्हणाले, ‘रिटायर झालो की असा एक कुत्रा वाढवायचा.’ सात वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी माझ्यासमोर जेवला, आणि ही गोष्ट मी एका परक्या बाईला बिस्किटं देता देता ऐकली. ट्रे आपटला मी. कोणाच्या लक्षात आलं नाही.

संस्थेने एक जाडजूड फाइल दिली होती. तिच्यात लिहिलं होतं, पिल्लाशी सतत बोला, आनंदी आवाजात बोला, प्रत्येक चांगल्या गोष्टीचं कौतुक करा. हे पडले नियमाचे पक्के. ‘गुड गर्ल, हेझल! क्लेव्हर गर्ल!’ सकाळी साडेसहापासून सुरू. पायरी उतरली, गुड गर्ल. शिंकली, गुड गर्ल. बागेत शी-शू करायची आज्ञा म्हणजे ‘बिझी बिझी’. पावसात छत्री धरून, रिटायर झालेला माझा नवरा गोड आवाजात ‘बिझी बिझी’ म्हणत उभा, आणि तिने उरकलं की टाळ्या वाजवायच्याच काय त्या बाकी. मी तेहेतीस वर्षांत किती पुरणपोळ्या लाटल्या असतील, मला कधी गुड गर्ल मिळालं नाही.

भुयारी रेल्वेच्या सरकत्या जिन्यावर कुत्रा उचलून घ्यावा लागतो. पाच महिन्यांची ती धिप्पाड पोर छातीशी धरून हे वर-खाली करायचे. आमच्या मुलीच्या, तनूच्या, वेळी सातवा महिना असताना मी त्याच लाइनच्या जिन्यांवरून दोन पिशव्या घेऊन यांच्या मागून चढले होते. हे चार पावलं पुढे. हे नेहमीच चार पावलं पुढे असायचे. आता मात्र हेझलच्या चालीने चालायचे, ती थांबली की थांबायचे. खोटं कशाला सांगू, मला हेवा वाटत होता. कुत्रीचा. पोटात दुखायचं अगदी.

तनूला फोनवर सांगितलं. ती रीडिंगला असते, जन्म इथलाच.

‘आई, तू जेलस आहे!’ ती हसायला लागली. ‘ऑफ अ पपी! आणि बाबाची आवाज ऐकलास तू? सो हॅपी वाटते ती. लेट हिम बी, ना.’

‘तुला काय होतंय लेट हिम बी म्हणायला,’ मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आता चानकीचं सांगते. माझ्या माहेरी, साताऱ्याला, कणकेचा शेवटचा उरलेला गोळा असे त्याची लहानशी पोळी लाटायची पद्धत होती. ती चानकी. ती दारातल्या कुत्र्याची. ती दिल्याशिवाय आईने कधी स्वतःचं ताट वाढून घेतलं नाही. इथे आल्यावर दारात कुत्रं नव्हतं, तरी माझा हात शेवटचा गोळा लहानच ठेवायचा. मीच खायची ती चानकी. हेझल आली त्या संध्याकाळी मी ती गरम गरम तिच्यापुढे धरली, तर हे जवळजवळ ओरडले, ‘अरुणा, नो! आपलं खाणं तिला अजिबात द्यायचं नाही. फाइलमध्ये लिहिलंय.’ माझ्याशी इतकं लांब वाक्य ते फार दिवसांनी बोलले होते, आणि तेही कुत्रीसाठी.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दुसऱ्या दिवसापासून मी गुपचूप चानकी द्यायला लागले.

मला तिच्या पोटाची काळजी होती असं समजू नका. मला ती माझ्याकडे यायला हवी होती. हे सातच्या बातम्या बघत, ती त्यांच्या पायांवर मान टाकून पडलेली. साडेसातला तव्यावर शेवटची पोळी पडली की ती उठायची, त्यांना सोडून तुरुतुरु स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसायची. मी तुकडा खाली टाकायची. हे बाहेरून विचारायचे, ‘बिझी बिझी करायचंय का तिला?’ मी म्हणायची, ‘नाही हो, आलीय सहज.’ त्या ‘सहज’मध्ये मला काय गोडी वाटायची! दिवसभर तुमची असेल, साडेसातला माझी आहे.

असे सात-आठ महिने गेले. हेझल गोल झाली. हे मापाच्या कपाने तिचं खाणं मोजून घालत आणि वजनाच्या काट्याकडे बघून बुचकळ्यात पडत.

नोव्हेंबरमध्ये पॉलिनबाई तिची चाल बघायला आल्या. मीही बरोबर गेले, भाजी आणायचं निमित्त काढून. हे आणि हेझल पुढे, आम्ही मागे. पॉलिनबाईंनी फुटपाथच्या कडेला आधीच एक बिस्कीट टाकून ठेवलं होतं. हेझलला ते दिसलं मात्र, तिने असा हिसका दिला की हे कडेवरून रस्त्यात गेले आणि एका गुडघ्यावर पडले. मागून येणारी बस करकचून थांबली. पॅन्ट फाटली, गुडघा सोलवटला. हेझल बिस्कीट चघळत उभी.

पॉलिनबाईंनी त्यांना उठवलं, मग हळू आवाजात म्हणाल्या, ‘तुम्हाला बस दिसत होती, मर्ली. जिला दिसत नाही तिचं काय झालं असतं?’ मग त्यांनी सांगितलं की कोणीतरी हिला जमिनीवरून खायची सवय लावली आहे. सहा आठवड्यांत ती मोडली नाही तर हेझलला दुसऱ्या घरी हलवावं लागेल.

घरी आल्यावर हे जिन्याच्या पायरीवर बसले. मी गुडघा धुवायला पाणी आणलं.

‘अरुणा, तू काही देतेस का तिला?’

‘मी? नाही बाई.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘मग माझंच काहीतरी चुकतंय,’ म्हणाले. आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझे वडील गेल्याची तार आली तेव्हाही मी ते पाहिलं नव्हतं. लाज वाटली मला, पण खरं सांगते, लाजेच्याही आधी पुन्हा तेच वाटलं. हिच्यासाठी रडतायत.

त्या दिवसापासून चानकी बंद केली. यांच्यासाठी नाही. त्या बसखाली कोणीतरी अंध बाई दिसायला लागली होती मला.

पण साडेसात वाजले की हेझल यायचीच. दारात बसायची आणि बघत राहायची. मी पाठ करून पोळ्या लाटायची. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, ‘काय बघतेस? काही नाही मिळायचं आता.’ तिने मान वाकडी केली. मग मी तिला का नाही मिळायचं ते सांगितलं. मग साताऱ्याच्या आमच्या दारातल्या कुत्र्याचं सांगितलं, मग आईचं. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या हेडकुकचं. मग यांचं, चार पावलं पुढे चालण्याचं, तिकीट खिडकीचं, सगळंच. पोळ्या होईपर्यंत ती ऐकायची. मी गॅस बंद केला की उठून त्यांच्याकडे जायची. आता तुकडा नव्हता, तरी येत होती.

हिचा राग राग केला आणि हिलाच सगळं सांगून बसले, असं वाटायचं. पण सांगायचं थांबवलं नाही.

सहा आठवड्यांनी पॉलिनबाईंनी पुन्हा बिस्कीट टाकलं. हेझलने वास घेतला आणि पुढे गेली. हे इतक्या मोठ्याने ‘गुड गर्ल’ म्हणाले की दुकानातली माणसं बाहेर आली.

मेमध्ये ती गेली. पॉलिनबाईंच्या गाडीत मागे चढली, वळूनही बघितलं नाही. मी मनात म्हटलं, सुटले एकदाची. पण हे पुन्हा गप्प झाले, पहिल्यापेक्षा जास्त. पट्टा धुऊन खुंटीला टांगला आणि त्याच्यासमोर बसून राहायचे. समोरच्या कुत्रीचा हेवा परवडला, नसलेल्या कुत्रीशी कसं भांडणार? मी पोळ्या लाटायची, दार रिकामं. मलाही चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, आणि ते सांगायला कोणी नव्हतं.

पुढच्या वसंतात पत्र आलं. हेझल ग्लॉस्टरजवळच्या मिसेस प्रिचर्ड नावाच्या बाईंना मिळाली होती. एकट्याच राहणाऱ्या, काउन्सिलमध्ये फोनवर काम करणाऱ्या. पत्र त्यांनी कॉम्प्युटरवर टाइप केलं होतं. यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी कणीक मळत होते.

हेझल गुणी आहे, रस्त्यात कशालाही तोंड लावत नाही, स्टेशनात तर घरच्यासारखी वावरते. यांची मान ताठ झाली. पुढे लिहिलं होतं, ‘एक गोष्ट तुम्हाला विचारायची आहे. रोज संध्याकाळी साडेसातला ती माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसते. खाणं मागत नाही. मी बोलायला लागेपर्यंत हलत नाही. मी दिवसभराचं सगळं तिला सांगते, मग ती उठते. नवरा गेल्यापासून या घरात संध्याकाळी कोणी बोलत नव्हतं. हे तिला ज्यांनी शिकवलं त्यांचे आभार.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग दारात आले.

‘हे कोणी शिकवलं?’

मी कणीक मळत राहिले.

‘मी तर साडेसातला बातम्या बघायचो.’

‘हो. म्हणून तर ती इकडे यायची.’

‘रोज?’

‘रोज.’

‘आणि तू काय बोलायचीस तिच्याशी?’

‘तुमच्याबद्दल बोलायची. दुसरं कोण होतं ऐकायला?’ आणि तोंड उघडलंच होतं म्हणून चानकीचंही सांगून टाकलं. बसपर्यंतचं सगळं.

असे भडकले! तेहेतीस वर्षांत... आता पस्तीस झाली होती म्हणा... ते माझ्यावर कधी भडकलेसुद्धा नव्हते. गुडघा सोलवटला ते तुझ्यामुळे. मी स्वतःला दोष देत बसलो, आणि तू नाही म्हणालीस तोंडावर. चौदा महिने पावसात कोण उभं राहिलं? जिने कोणी चढवले? एस्केलेटरवर कोणी उचललं? आणि पत्रात काय, तर साडेसात! ‘माझं एक तरी काही राहिलं का तिच्या लक्षात?’ म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरका झाला.

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं.

‘स्टेशन राहिलंय की,’ मी म्हटलं. ‘पण बोलणं माझं राहिलं. तुम्ही कधी विचारलंत मी इकडे काय बोलते?’

‘तू कधी सांगितलंस?’

‘चार पावलं मागून ओरडून सांगायचं होतं का?’

बातम्या संपल्या तरी हे दारातून हलले नाहीत. कधी माझं चुकत होतं, कधी त्यांचं, मधेच वडिलांच्या तारेचा विषय निघाला. ‘तेव्हा तुझ्याशी काय बोलावं ते कळलं नव्हतं मला,’ म्हणाले. भाजी करपली. मी शेवटच्या गोळ्याची चानकी लाटली, भाजली, तूप लावलं आणि त्यांच्या हातावर ठेवली. भांडता भांडताच त्यांनी ती खाल्ली, आणि आणखी एक आहे का म्हणून विचारलं.