पायाला हात नको

माझ्या हिंदीवर आमच्या घरात सगळेच हसतात. लग्न करून वर्ध्याकडून जबलपूरला आले त्याला वीसेक वर्षं झाली, तरी इथल्या गोरखपूर भागातल्या बाजारात मी तोंड उघडलं की भाजीवाला भाव सांगायच्या आधी हसून घेतो. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. दवाखान्यात मात्र ती हिंदी अंगाशी आली.

आधी नुसता ताप होता. "व्हायरल आहे, जाईल," असं सगळे म्हणाले आणि तो गेलाही. मग काही दिवसांनी सकाळी पलंगावरून उठायला गेले, तर कमरेखालचे पाय माझे राहिलेच नव्हते. दवाखान्यात मी सांगितलं, "डॉक्टर साहब, पैर बधिर हो गए हैं." तरुण डॉक्टरांनी मान वर केली. "बधिर? सुनाई नहीं दे रहा?" हिंदीत बधिर म्हणजे बहिरा, हे मला कोण सांगणार! मुंग्या येतात हे तरी नीट सांगावं म्हणून मी म्हणाले, "चींटियाँ आ रही हैं." नर्सबाईंनी लगेच चादर झटकली. तेवढ्यात गाडी लावून नवरा आत आला आणि म्हणाला, "सर, इनके पैर सुन्न हैं." तेव्हा कुठे सूत्रं हलली. मराठीत वाईट बातमी ऐकून माणूस सुन्न होतो. इथे माझे पायच सुन्न झाले होते.

मोठ्या मशीनमध्ये घालून पाठीचे फोटो काढले, लघवीला नळी लागली. मोठ्या डॉक्टरांनी समजावलं की मज्जारज्जूला सूज आहे. व्हायरस गेला, पण त्याच्याशी लढायला निघालेली शरीराची फौज चुकून घरच्यांवरच उलटली. नणंद इथेच, जबलपूरच्या गढा भागात राहते. तिने 'रीढ़ में सूजन', म्हणजे कण्याला सूज, एवढंच ऐकलं आणि मालिशचं तेल घेऊन आली. "हाडाला काही झालं नाही, आतल्या दोरीला झालंय. तिथवर तुमचं तेल पोचत नाही," मी खेकसले. बिचारी बाटली ठेवून गेली.

सलाइनमधून औषधं गेली, सूज उतरायला लागली. पण पाय परत येतील की नाही, ते कोणी छातीठोक सांगेना. काहींचे पूर्ण येतात, काहींचे अर्धेमुर्धे, काहींचे नाहीच. "मैं चलूँगी ना?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "देखते हैं." मी फार घाबरले होते. आयुष्यभर दुसऱ्यांनी उचलून ठेवायचं, हे माझ्यासारख्या बाईला झेपणारं नव्हतं.

घरी पाठवताना फिजिओथेरपीवाल्या दीदीने नवऱ्याला व्यायाम शिकवले. टाच तळहातावर धरायची, गुडघा वाकवायचा, बोटं एकेक करून हलवायची. नवरा कारखान्यात मशीनवर काम करतो, त्याने सगळं एकदाच बघून घेतलं. घरी आल्यावर तो पलंगाच्या पायथ्याशी बसला आणि मी ओरडले, "अहो, पायाला हात नको!" जाता-येता चुकून माझा पाय याला लागला तरी मी वाकून नमस्कार करणारी. आणि आता हा माझी पावलं मांडीवर घेऊन बसलेला. पाय ओढून घ्यावा, तर तो ओढला जाईना. मी भिंतीकडे तोंड केलं.

"काहून रडून राहिली?"

"पाप लागते मला."

"लागू दे. अर्धं मी घेतो. चलो, अंगठा हलव."

अंगठा हलला नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतर कितीतरी दिवस नाही. तो कामावर जायच्या आधी बसायचा, आल्यावर चहा घेऊन पुन्हा बसायचा. मी करवादायचे, "मेलेल्या पायाले काय करून राहिले तुम्ही रोज रोज?" तो म्हणायचा, "अच्छा, आता दुसरा दे." जसा काही मी देऊ शकत होते! एकदा पाय झटका देऊन उडाला तेव्हा मी आनंदाने सगळं घर गोळा केलं. दीदीने त्यावर पाणी ओतलं. "ये अपने आप उछलता है, इसको मत गिनिए. जिस दिन आप खुद खींचेंगी, उस दिन बताइए." त्यानंतर मी पायाकडे बघायचंच सोडून दिलं.

एका रविवारी नणंद तिच्या सासूबाईंना घेऊन मला बघायला आली. म्हाताऱ्या बाई, डोक्यावर पदर, समोरच्या खुर्चीत बसल्या. चहा झाला. नवऱ्याची व्यायामाची वेळ झाली होती. त्याने ना कोणाकडे पाहिलं, ना मला विचारलं. सरळ पायथ्याशी बसला आणि त्या माउलीच्या डोळ्यांदेखत माझ्या पावलाला हात घातला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाय ओढून घेतला.

चादरीवर टाच घासली. फार नाही, बोटभर. नवऱ्याचा हात तसाच राहिला.

"आपोआप उडला का?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "मीच ओढला."

नणंदेच्या सासूबाई माझ्या पायाकडे टक लावून बघत होत्या. माझी लाज कुठल्या कुठे पळाली.

"परत लावा हात," मी सगळ्यांसमोर त्याला म्हणाले.