पंख्याखालचा दिवा

मंडळी, आज सकाळी माझ्या हातून जे झालं ते मनातून जात नाही. म्हणून वाचनालयाच्या वहीत लिहितोय.

मी वायरमन. इथे लोणावळ्यात एका मावशींकडे छताचा पंखा फिरत होता, पण त्याखालचा दिवा लागत नव्हता. मी बटण उघडून पाहिलं, मग होल्डर पाहिला. दोन्ही ठीक होते. बल्ब काढून हलवला तर आतली बारीक तार तुटलेली. नवा बसवला, लगेच उजेड पडला. जुना मी मागच्या दारात जाऊन परसातल्या कचऱ्याच्या खड्ड्यात भिरकावला. तो फुटला.

आवाज ऐकून मावशी बाहेर आल्या. "जुना बल्ब कुठंय?"

"टाकला की मावशी. तो गेलाच होता."

त्या खड्ड्याकडे बघत राहिल्या. "माझ्या मुलानं, अशोकनं लावला होता. रजा संपवून लढाईवर गेला त्या दिवशी, स्टुलावर चढून. मग तिकडून तो गेल्याचंच कळलं. मला वाटलं, बटण बिघडलं असेल, बल्ब चांगला असेल."

मी खड्ड्यात उतरून काचा वेचू लागलो. "राहू दे रे, हात कापेल," त्या म्हणाल्या. बल्बची पितळेची टोपी तेवढी अख्खी सापडली. ती त्यांनी पदरानं पुसली आणि मुठीत धरून आत गेल्या.

माझ्या कामात कुणी चूक काढणार नाही. पण टाकण्याआधी "हा ठेवायचाय का?" एवढं मी विचारलं नाही. तुमच्या हातून असं कधी झालंय का? त्या घरी पुन्हा कोणत्या तोंडानं गेलात, तेवढं खाली लिहा.