खाचेतल्या मोटारी

माझं अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. चार माणसं समोर आली की मला बोलता येत नाही, म्हणून बोलण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

आम्ही खुर्सीपारला राहत होतो. आमचे हे तिथल्या स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन होते. प्लांटच्या कामासाठी आलेलं एक रशियन कुटुंब मायदेशी परत चाललं होतं, सामान विकून राहिलं होतं. तिथे यांना एक खेळ दिसला. काळ्या पट्ट्या एकमेकींत अडकवल्या की टेबलभर गोल रस्ता व्हायचा. रस्त्यात दोन खाचा, खाचेच्या कडेला लोखंडी पट्टी, त्या पट्टीतून वीज. मोटारीखालची खुंटी खाचेत बसवायची आणि हातातला खटका दाबायचा. जितका दाबाल तितकी मोटार पळणार. यांनी ठरवलं, हा खेळ घ्यायचा आणि मीना बाजाराच्या जत्रेत मांडायचा.

पैसे मोठ्या नणंदबाईंनी दिले. त्या विधवा होत्या. वैशाली नगरात एका बाईच्या घरी, तिच्या मशीनवर ब्लाऊज शिवायच्या आणि अर्धी शिलाई तिला द्यायच्या. स्वतःची मशीन घ्यायला त्यांनी जे साठवलं होतं, ते सगळं त्यांनी भावाच्या हातात ठेवलं.

यांची ड्यूटी संध्याकाळची, म्हणून दुकानावर मी. मांडणी हे करून जायचे, मी फक्त तिकीट फाडायचं, असं ठरलं होतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मला त्या लोखंडी पट्ट्या काळवंडलेल्या दिसल्या. देवाची भांडी घासते तशा मी त्या चिंचेनं घासल्या. लखलखीत झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांवर गंज चढला होता. मोटारी आचके देऊन थांबायच्या. पोरं म्हणाली, "आंटी, पैसा वापस करो." मी सगळ्यांचे परत केले.

रात्री यांनी पट्टीवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"पुढच्या वेळी खोबरं-कोथिंबीर पण घालजो," म्हणाले, आणि सकाळी काचपेपर घेऊन पूर्ण रस्ता घासायला बसले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मोटारी धावायला लागल्या, पण वेगळंच दुखणं निघालं. जो येई तो खटका पूर्ण दाबून धरी. वळणावर मोटार खाचेतून उडून खाली मातीत. गिऱ्हाईक वैतागून शेजारच्या मौत के कुएँकडे निघून जाई. खटका थोडा सोडा, एवढंच सांगायचं होतं. ते मला सांगता येत नव्हतं. तोंड उघडलं की कान गरम व्हायचे. रोज डब्यातली चिल्लर पाहिली की वाटायचं, माझ्या तोंडापायी नणंदबाईंची मशीन मातीत चालली.

रविवारी बाई स्वतःच बघायला आल्या. दुकानापुढे कोणी नव्हतं.

"कावून रडून राहिली वं? कोणी मारलं का तुले?"

मी म्हटलं, "बाई, तुमचे पैसे बुडाले."

त्यांनी पदर खोचला आणि खटका हातात घेतला. तेवढ्यात एक ट्रकवाले सरदारजी आले, त्यांनी दुसरा घेतला. सरदारजींची मोटार पहिल्याच वळणावर उडाली. बाईंची मात्र वळण आलं की हळू व्हायची, सरळ रस्त्यावर सुसाट. मी खाली पाहिलं तर टेबलाखाली त्यांचं पाऊल मशीनच्या पायट्यावर असल्यासारखं हलत होतं.

सरदारजी म्हणाले, "बहनजी, आपने भी ट्रक चलाया है क्या?"

"नहीं भैया, ब्लाऊज का गला सीती हूँ."

ते पोट धरून हसले आणि पुन्हा तिकीट काढलं. गर्दी जमली. जाताना बाई मला म्हणाल्या, "गळ्याच्या गोलाईवर मशीन हळू करा लागते, नाई तं कापड निसटते. एवढंच सांग पोराईले. जास्त नको बोलू."

मी एक वाक्य पाठ केलं. मोड पे धीरे, सीधे में तेज. तिकीट दिलं की म्हणायचं. आधी आधी रस्त्याकडे पाहून म्हणत होते, पुढे माणसाच्या तोंडाकडे पाहायला लागले. मोठा आकाशपाळणा सुरू झाला की मैदानाचं व्होल्टेज पडायचं आणि मोटारी मुंगीसारख्या रांगायच्या. मग पाळणा थांबेपर्यंत मी तिकीट फाडत नसे. पोरांना थांबवून ठेवायला दोन शब्द जास्तीचे बोलावे लागायचे, तेही जमायला लागलं.

एक बाजार उठला की आम्ही दुसरीकडे मांडायचो, कधी दुर्गला, कधी राजनांदगावला. प्रत्येक बाजार उठल्यावर मी बाईंकडे जाऊन जमेल ते द्यायची. त्या न मोजता पदराच्या गाठीत बांधायच्या आणि चहा ठेवायच्या. मध्ये दिवाळ्या येऊन गेल्या. कधीही जा, बाई परक्या घरच्या मशीनवरून थकून आलेल्या असायच्या, पण मशीनचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही.

शेवटचे पैसे द्यायला आम्ही दोघं गेलो. त्या दिवशी बाईंनी चहा ठेवला नाही. खाली बसल्या, नोटा मांडीवर ठेवल्या आणि ओठ हलवत एकेक मोजली. मला कसंतरीच झालं. मी विचारलं, "बाई, आजच कावून मोजून राहिल्या?"

"आधी मोजले असते तं तुले वाटलं असतं, किती राहिले ते पाहून राहिली," त्या म्हणाल्या. शेवटची नोट त्यांनी बाकीच्यांवर ठेवली आणि गड्डी सारखी केली. "आता काई राहिलं नाई. फिटले."