एकच शाल आणि सहा सत्कार

तेव्हा मी पंचेचाळिशीची होते आणि स्वतःला फार मॉडर्न समजायचे. जासईला एका कंटेनर गोदामाच्या ऑफिसात कंत्राटी नोकरी, कायम कधी करतात याकडे डोळे. एका दुपारी डबा उघडते न उघडते तोच मॅनेजर समोर उभे.

"मॅडम, दिल्लीचे साहेब उद्याच येतायत. बक्षीस समारंभ पुढच्या आठवड्यात नाही, उद्या संध्याकाळी. नीट पार पडला तर तुमच्या कायम होण्याचं साहेबांशी बोलतो. नाही पडला तर..." पुढचं वाक्य त्यांनी माझ्या भेंडीच्या भाजीकडे बघत गिळलं.

पनवेलमधला हॉल, ट्रॉफ्या, डेकोरेटर, सगळं फोनवर ओरडून ओरडून जमवलं. पण टीव्हीवरचे सोहळे बघून माझं डोकं फिरलेलं! शाल-श्रीफळ गावठी दिसतं म्हणून सत्कारच काढून टाकले. स्वतःसाठी मात्र मोरपंखी शाल आणली. निवेदन मीच करणार होते, आणि निवेदन करणारीने ती एका खांद्यावर टाकायची असते म्हणे.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी पहिल्या रांगेत पाच म्हातारी माणसं येऊन बसली. चार पुरुष, एक आजी. गोदाम यांच्याच जमिनीवर उभं. मॅनेजरांनी मला कोपऱ्यात ओढलं. "यांच्या शाली कुठायत? मान राहिला नाही तर उद्या गेट उघडू देणार नाहीत. आणि उघडलं तरी तुम्ही आत नसाल."

कापडाची दुकानं नेमकी त्या दिवशी बंद. नारळ देवळासमोरून आले, शाल कुठून आणू? मग माझ्याच खांद्याकडे लक्ष गेलं.

पहिल्या काकांना साहेबांनी शाल घातली, टाळ्या झाल्या. मी पायऱ्यांशी हजर. "द्या काका, बॉक्समध्ये घालून देते." काकांनी दिली. पडद्यामागून पळत जाऊन पुन्हा घडी, पुन्हा तबक, पुन्हा माइकवर गोड आवाज. दुसरे, तिसरे, चौथे. पळापळीत तबकातला नारळ नाचत होता. कुणी विचारलं, "बॉक्स कुठाय?" की संपलंच. पाचव्या त्या आजी. त्यांच्यानंतर फक्त साहेबांचा सत्कार उरला होता.

आजी खाली उतरल्या. मी हात पुढे केला.

"द्या आजी, बॉक्समध्ये..."

"नाय देत गो. मना थंडी वाजते."

"नवी कोरी राहील, आजी!"

"कोरी ठेवून काय करू? त्या चौघांनी घालून झाली, आता माझे आंगावर बरी हाय." आणि शाल घट्ट गुंडाळून खुर्चीत बसल्या.

स्टेजवर मॅनेजर साहेबांच्या शेजारी हसत उभे, डोळ्यांनी मला विचारतायत, शाल? टेबलावरच्या ट्रॉफ्या मखमली कापडाखाली झाकलेल्या होत्या. लाल मखमल, सोनेरी काठ. दुसरं काही सुचेना. मी माइकवर म्हटलं, "आता पुरस्कारांचं अनावरण!" आणि कापड खस्सकन ओढलं. दोन ट्रॉफ्या आडव्या झाल्या. त्याच झटक्यात कापडाची घडी घालून मॅनेजरांच्या हातात कोंबली. बिचाऱ्यांनी ती साहेबांच्या खांद्यावर घातली. काठाला डेकोरेटरने लावलेली टाचणी मला लांबूनही दिसत होती. साहेब मान हलवतील तेव्हा ती टोचेल आणि माझी नोकरी जाईल, एवढंच मनात.

साहेब हलले नाहीत. कापडावरून हात फिरवत म्हणाले, "बहुत रॉयल है." पुढचा सगळा कार्यक्रम ते अंगावर घेऊनच बसले, विमानतळाच्या गाडीतही तसेच चढले. मॅनेजरांनी शब्द पाळून माझा विषय काढला, तेव्हा साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इनको परमनंट करो."

मी हॉलमध्ये परत येऊन खुर्चीत बसले. तेवढ्यात डेकोरेटर आला, रिकाम्या टेबलाभोवती दोनदा फिरला.

"ताई, माझा कपडा?"

"दिल्लीला गेला," मी म्हटलं. "सत्कार झाला त्याचा."