सरळ पोळ्यांचा हट्ट

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकच वाकडी गोष्ट खपवून घेतली, ती म्हणजे स्वतःचं नाक. बाकी देवळीच्या आमच्या घरात भिंतीवरची तसबीर, दोरीवरचं धोतर, ताटातली लोणच्याची फोड, सगळं ओळंब्यात हवं. "सूनबाई, भांग जरासा सरकला तुहा," हे मला लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी ऐकावं लागलं.

स्वराज्य येऊन पाच-सात वर्षं झाली होती आणि वर्ध्याकडे जो तो ग्रामोद्योगाचं बोलत होता. मामाजी, म्हणजे माझे सासरे, कुठूनसे शिकून आले आणि परसात जांभळीखाली मधमाश्यांची पेटी मांडून बसले. माश्यांनी लाकडी चौकटींतच सरळ पोळी बांधावीत असा नियम. तो माश्यांना कुणी सांगितला नव्हता. त्या दोन चौकटींच्या मध्ये, झाकणाला, मनाला येईल तिथे पोळं बांधत. मामाजींना तो स्वतःचा अपमान वाटे. दर रविवारी मी जुन्या लुगड्याच्या चिंधीचा धूर धरायचा आणि त्यांनी ते आगाऊ पोळं सुरीनं कापून, चौकटीत बसवून, स्वतः कातलेल्या सुतानं बांधायचं. माश्या पोळं चिकटवून घेत आणि सूत कुरतडून दारात टाकत. "तुमच्या सुताले एवढंच गिऱ्हाईक हाये," सासूबाई म्हणत. "वाकडं काऊन बांधून राह्यल्या ह्या?" मामाजी मला विचारत, जणू मी माश्यांच्या माहेरची.

एका वैशाखात दोन चौकटी पोळ्यानं अशा जोडल्या गेल्या की निघेनात. "आज नोका उघडू, उन्हानं मेण मऊ पडलं असंन," सासूबाई म्हणाल्या. मामाजींनी उघडलीच. पोळं हातात तुटलं, मध आणि पिल्लं तळाशी सांडली. दोन दिवसांनी पेटी रिकामी होती. त्यानंतर मामाजी कुणालाच काही सुधारून सांगेनात, तेव्हा मला खरी भीती वाटली.

पावसाळ्यानंतर गड्यानं शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या मोहाच्या ढोलीत माश्या पाहिल्या. मामाजी पेटी, सुरी, सूत घेऊन निघाले, मागे मी धूर घेऊन. ते वाकून बराच वेळ आत बघत राहिले. पाच-सहा पोळी एकाशेजारी एक, मध्ये जेमतेम बोटभर जागा, आणि सगळी सरळ.

"पाह्य सूनबाई," ते हळूच म्हणाले, "मीनंच चौकटी दूर-दूर ठेवल्या होत्या. जागा दिसली का त्या भरत होत्या बिचाऱ्या. राहू दे त्यायले इथंच. चिंधी विझव."

मामाजींना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांनी मला कितीदा सुधारलं त्याला गणती नाही. आपलं चुकलं असं म्हणताना मात्र मी त्यांना तेवढं एकदाच ऐकलं, आणि त्या दिवसापासून मला त्यांचा लळा लागला.